एमएनएस१ (किण्वातील विकर)

एमएनएस१ हे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या किण्वाच्या, म्हणजे पाव व मद्य तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या, पेशीतील एक विकर आहे. त्याचे रासायनिक नाव अल्फा-१,२-मॅनोसिडेज असे आहे. आंतर्द्रव्यजालिकेत नव्याने तयार होणाऱ्या ग्लायकोप्रथिनांवरील शर्करासाखळीतून मॅनोज या शर्करेचा एकच ठरावीक घटक काढून टाकणे, एवढेच त्याचे काम असते. त्यामुळे नऊ मॅनोजांची साखळी आठ मॅनोजांची होते. हे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. मात्र ज्या प्रथिनाला योग्य आकार प्राप्त होत नाही, ते पेशीने केव्हा मोडीत काढावे या निर्णयाशी या एका घटकाच्या छाटणीचा निकटचा संबंध असल्याचे १९९६ नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. मानवी पेशीतील समरूप विकर सदोष असल्यास जन्मजात बौद्धिक अक्षमता उद्भवते.

पार्श्वभूमी

ज्या प्रथिनाला शर्करांची साखळी जोडलेली असते त्यास ग्लायकोप्रथिन म्हणतात. पेशीबाहेर स्रवणारी, पेशीच्या पृष्ठभागावर राहणारी आणि रिक्तिकेत वा लयकारिकेत जाणारी बहुतेक प्रथिने या प्रकारची असतात. या साखळ्यांचे अनेक प्रकार आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली साखळी अ‍ॅस्परजीन या अमिनो आम्लातील नायट्रोजनाला जोडलेली असते, म्हणून तिला एन-ग्लायकन असे नाव आहे.

ही साखळी प्रथिनावर एकेक शर्करा चढवून तयार होत नाही. डॉलिकॉल नावाच्या लांब, मेदसदृश रेणूवर ती आधीच संपूर्ण बांधून ठेवली जाते. पहिल्या सात शर्करा आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाच्या बाहेरील बाजूस जोडल्या जातात. मग अर्धवट बांधलेली साखळी पटलाच्या आतल्या बाजूस उलटते आणि तेथे उरलेल्या सात शर्करा जोडल्या जातात. तयार साखळीत एकूण चौदा शर्करा असतात : एन-असिटिल ग्लुकोसामिनाचे दोन, मॅनोजाचे नऊ आणि ग्लुकोजाचे तीन घटक. रायबोझोमवर तयार होत असलेली प्रथिनाची शृंखला जालिकेत शिरू लागली, की ऑलिगोसॅकरिल ट्रान्स्फरेज हे विकर ही साखळी उचलून शृंखलेतील अ‍ॅस्परजीनला जोडते. किण्वात हे विकर आठ उपघटकांचे बनलेले असते. मात्र कोणतेही अ‍ॅस्परजीन त्याला चालत नाही. अ‍ॅस्परजीननंतर एक अमिनो आम्ल सोडून सेरीन किंवा थ्रिओनीन असावे लागते, आणि मधले आम्ल प्रोलीन असून चालत नाही.

साखळीचा आकार फांद्या फुटलेल्या झाडासारखा असतो. एन-असिटिल ग्लुकोसामिनाच्या दोन घटकांचे खोड असून त्यावर पहिला मॅनोज असतो व तेथून पुढे फांद्या फुटतात. शेवटी तीन टोके तयार होतात आणि त्यांना अ, ब व क शाखा म्हणण्याचा प्रघात आहे. अ शाखेच्या टोकाला ग्लुकोजाचे तीन घटक असतात. ब ही मधली शाखा असून क ही दुसऱ्या कडेची शाखा होय. पुढील विवेचन समजण्यासाठी या तीन शाखा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण कोणत्या शाखेवरचे टोक कापले गेले यावरच प्रथिनाचे भवितव्य ठरते.

विकराची क्रिया

साखळी प्रथिनाला जोडली जाताच तिची छाटणी सुरू होते. ग्लुकोसिडेज-१ हे विकर ग्लुकोजाचा सर्वांत बाहेरचा घटक काढते आणि ग्लुकोसिडेज-२ उरलेले दोन काढते. ही कामे झपाट्याने होतात. त्यानंतर एमएनएस१ची पाळी येते. नऊ मॅनोजांपैकी चार मॅनोज अल्फा-१,२ या प्रकारच्या बंधाने जोडलेले असतात. त्यांपैकी दोन अ शाखेवर आणि ब व क शाखांवर प्रत्येकी एक असतो. चारही बंध रासायनिकदृष्ट्या एकाच जातीचे असले, तरी एमएनएस१ त्यांपैकी फक्त ब शाखेच्या टोकावरील बंध तोडते. प्रयोगशाळेत विकराचे प्रमाण फार वाढवले व बराच वेळ दिला, तर ते अन्य मॅनोजही हळूहळू काढू शकते; पेशीतील सामान्य परिस्थितीत मात्र त्याची क्रिया एका घटकावरच थांबते.

बंध पाण्याच्या साहाय्याने तोडला जातो, म्हणजे ही क्रिया जलीय विच्छेदनाची आहे. सुटा होणारा मॅनोज साखळीत अल्फा रूपात असतो, पण बाहेर पडताना तो बीटा रूपात असतो. क्रियेच्या वेळी पाण्याचा रेणू बंधाच्या विरुद्ध बाजूने येऊन भिडतो, याची ही खूण होय. विकराला कॅल्शियमचा आयन अत्यावश्यक असून तो काढून घेतल्यास क्रिया बंद पडते. डीऑक्सिमॅनोजिरिमायसिन व किफुनेन्सिन हे पदार्थ या कुळातील विकरांना रोखतात. पेशीविज्ञानातील प्रयोगांत त्यांचा मोठा उपयोग होतो.

एकाच नावामुळे येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. किण्वाच्या रिक्तिकेत एएमएस१ नावाचे दुसरे अल्फा-मॅनोसिडेज असते. ते निरनिराळ्या बंधांवर क्रिया करते, त्याचे कूळ वेगळे आहे आणि निकामी शर्करासाखळ्यांचे तुकडे करणे हे त्याचे काम आहे. एमएनएस१ ग्लायकोप्रथिनाच्या घडणीत भाग घेते. एएमएस१ मोडतोडीच्या शेवटच्या टप्प्यावर येते.

शोधाचा इतिहास

किण्वाच्या ग्लायकोप्रथिनांवर पुढे चढणाऱ्या मॅनोजांच्या लांबलचक साखळ्या आठ मॅनोजांच्या गाभ्यावर उभ्या राहतात, असे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले आणि आठ मॅनोजांची साखळी हा अनिवार्य टप्पा मानला गेला. साहजिकच नवव्या मॅनोजाला काढून टाकणाऱ्या विकराचा शोध सुरू झाला. कॅनडातील माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठात अ‍ॅनेट हर्स्कोविक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामात पुढाकार घेतला. १९८८ मध्ये त्यांनी हे विकर शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले आणि १९९१ मध्ये त्याचे जनुक ओळखून त्याचे क्रमनिर्धारण केले.

हे जनुक किण्वाच्या दहाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचे पद्धतशीर नाव वायजेआर१३१डब्ल्यू असे असून त्यातील प्रत्येक अक्षराला अर्थ आहे : वाय म्हणजे यीस्ट, जे म्हणजे दहावे गुणसूत्र, आर म्हणजे गुणसूत्राची उजवी भुजा, १३१ हा गुणसूत्रबिंदूपासूनचा क्रमांक आणि डब्ल्यू हे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाचे चिन्ह. किण्वाच्या प्रत्येक जनुकाला असा पत्ता दिलेला आहे.

यानंतर आलेला निष्कर्ष अनपेक्षित होता. १९९३ मध्ये हर्स्कोविक्स यांच्याच गटाने हे जनुक निकामी करून पाहिले. किण्व मरण पावले नाही, त्याच्या वाढीतही लक्षणीय उणीव दिसली नाही आणि मॅनोजांच्या लांब साखळ्याही तयार होत राहिल्या. ज्या टप्प्याला अनिवार्य म्हटले होते तो टाळूनही काम निभावत होते. मग एवढ्या काटेकोर निवडीने एकच मॅनोज काढणारे विकर पेशीने बाळगावे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर साखळी बांधण्याच्या कामात सापडण्यासारखे नव्हते. ते प्रथिनांच्या विल्हेवाटीच्या अभ्यासात सापडले.

संरचना

एमएनएस१ ही ५४९ अमिनो आम्लांची शृंखला आहे. तिचे सुरुवातीचे आखूड टोक पेशीद्रव्यात, लगेच पुढचा भाग पटलात आणि क्रियाशील भाग जालिकेच्या आत असतो. हे विकर स्वतःदेखील ग्लायकोप्रथिनच आहे. ३४० व ३८५ या स्थानांवरील सिस्टीन आम्लांमधील गंधकाचा बंध त्याच्या क्रियेसाठी आवश्यक असतो.

क्रियाशील भागाची स्फटिक-रचना २००० साली प्रसिद्ध झाली. टोराँटो येथील लिन हॉवेल यांच्या प्रयोगशाळेने हर्स्कोविक्स यांच्या सहकार्याने क्ष-किरणांच्या साहाय्याने १.५४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने ती निश्चित केली. मळसूत्राकार भागांच्या सात जोड्या वर्तुळाकार मांडून पिंप तयार व्हावे तशी ही रचना आहे. पिंपाचे एक तोंड विकराच्याच शेवटच्या भागाने बुचासारखे बंद होते. दुसरे तोंड उघडे असून शर्करासाखळी तेथून आत शिरते, आणि कॅल्शियमचा आयन पिंपाच्या तळाशी बसलेला असतो. योगायोगाने स्फटिकात एका रेणूवरील शर्करासाखळी शेजारच्या रेणूच्या पिंपात शिरलेली आढळली. विकर आपली साखळी कशी धरते याचे चित्र त्यामुळे संशोधकांना वेगळा प्रयोग न करताच मिळाले.

२७३व्या स्थानावरील आर्जिनीन साखळीला घट्ट धरून ठेवते, आणि विकराच्या निवडकपणाचे रहस्य बव्हंशी याच आम्लात आहे. त्या जागी ल्यूसीन घातल्यास किण्वाचे विकर एका मॅनोजावर न थांबता पाच मॅनोज उरेपर्यंत छाटणी करत राहते. सस्तन प्राण्यांच्या गॉल्गी संकुलातील मॅनोसिडेज विकरांत या जागी निसर्गतःच ल्यूसीन असते आणि ती विकरे खरोखरच पाच मॅनोजांपर्यंत छाटणी करतात. एका अमिनो आम्लाच्या फरकाने विकराचे काम कसे बदलते, याचे विद्यार्थ्यांना देण्याजोगे हे उत्तम उदाहरण आहे.

एमएनएस१ जालिकेचे रहिवासी असले तरी कायम तेथेच अडकून राहत नाही. ते गॉल्गी संकुलाच्या आरंभीच्या भागापर्यंत जाते आणि आरईआर१ नावाचे प्रथिन त्याला जालिकेत परत आणते. आरईआर१ नसेल तर ते स्थानभ्रष्ट होते.

सदोष प्रथिनांची विल्हेवाट

प्रथिनाची शृंखला तयार होणे आणि तिला योग्य त्रिमितीय घडी प्राप्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जालिकेतील साहाय्यक प्रथिने घडी घालण्यास मदत करतात, तरीही काही शृंखला बिघडलेल्या राहतात. त्या साचून राहिल्या तर जालिकेचे काम खोळंबते. पुढे जाऊ दिल्या तर पेशीला अपाय होतो. म्हणून पेशी त्यांना जालिकेतून बाहेर पेशीद्रव्यात ओढते, त्यांना युबिक्विटिन चिकटवते आणि प्रोटिएझोममध्ये त्यांचे तुकडे करते. या प्रक्रियेला आंतर्द्रव्यजालिका-संलग्न विघटन म्हणतात.

येथे खरी अडचण निवडीची आहे. नुकतेच जन्मलेले प्रथिन अर्धवट घडी पडलेल्या अवस्थेत असते, आणि कायमचे बिघडलेले प्रथिनही तसेच दिसते. घाई केली तर उद्या उपयोगी पडणारे प्रथिन नष्ट होईल. फार थांबले तर कचरा साठेल. पेशीला दोहोंतला फरक केवळ रूपावरून ठरवता येत नाही, म्हणून ती वेळेचा हिशेब ठेवते.

हा हिशेब उलगडण्यास कार्बॉक्सिपेप्टिडेज-वाय या रिक्तिकेतील विकराचे एक सदोष रूप उपयोगी पडले. त्यात २५५व्या स्थानी ग्लायसिनाऐवजी आर्जिनीन असते. एवढ्याने त्याची घडी बिघडते आणि ते रिक्तिकेत पोहोचण्याऐवजी जालिकेत अडकून नष्ट होते. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे डीटर वोल्फ यांच्या गटाने १९९६ मध्ये असे दाखवले, की एमएनएस१ नसलेल्या किण्वात हे सदोष प्रथिन लवकर नष्ट होत नाही. झुरिक येथील मार्कुस एबी यांच्या गटाने १९९८ मध्ये शर्करासाखळीच्या बांधणीत निरनिराळ्या ठिकाणी दोष असलेल्या किण्वांची तुलना केली आणि विघटनासाठी साखळीची विशिष्ट रचना आवश्यक असते, हे सिद्ध केले.

यातून एमएनएस१ हे कालमापक आहे, ही कल्पना पुढे आली. ग्लुकोसिडेज विकरांच्या तुलनेत एमएनएस१ संथ आहे आणि ही संथता येथे गुण ठरते. पूर्वी मुहूर्ताची वेळ पाहण्यासाठी तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडत आणि ते बुडाले की घटका भरली असे समजत. छिद्र मोठे असते तर ते पात्र निरुपयोगी झाले असते. त्याचप्रमाणे नऊचे आठ मॅनोज होईपर्यंत प्रथिनाला घडी घालून घेण्यास अवधी मिळतो. जे प्रथिन त्या अवधीत तयार होते ते पुढे गॉल्गी संकुलाकडे निघून जाते.

मात्र आठ मॅनोजांची साखळी म्हणजेच मृत्युदंड, असा याचा अर्थ नव्हे. किण्वाच्या निर्दोष ग्लायकोप्रथिनांवरही जालिका सोडताना बहुधा आठच मॅनोज असतात. घटका भरली एवढेच ती साखळी सांगते. निवाडा पुढे व्हायचा असतो. तो कोण करते याचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. २००१ मध्ये एमएनएस१शी साम्य असलेले एचटीएम१ हे प्रथिन सापडले. ते नसल्यास सदोष ग्लायकोप्रथिनांचे विघटन मंदावते. आरंभी ते मॅनोज तोडत नाही, केवळ ओळखते, असा समज होता. २००८ व २००९ मधील प्रयोगांनी तो दूर झाला. एचटीएम१ हेही मॅनोसिडेजच असून ते आठ मॅनोजांच्या साखळीतून क शाखेच्या टोकावरील मॅनोज काढते. त्यामुळे आत दडलेला, अल्फा-१,६ बंधाने जोडलेला मॅनोज उघडा पडतो. वायओएस९ नावाचे शर्कराग्राही प्रथिन नेमके हे उघडे टोक ओळखते व सदोष प्रथिनाला एचआरडी१ या युबिक्विटिन चिकटवणाऱ्या यंत्रणेकडे सोपवते. ज्या किण्वात साखळी मुळातच अपुरी बांधली जाऊन हे टोक आधीच उघडे असते, तेथे एचटीएम१ नसतानाही विघटन होते. खूण मॅनोजांच्या संख्येत नसून उघड्या टोकात आहे, याचा हा सबळ पुरावा होय.

एचटीएम१ एकटे काम करत नाही. पीडीआय१ या घडी घालण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाशी त्याची जोडी असते, आणि ही जोडी बिघडलेल्या प्रथिनांवरच अधिक क्रिया करते, असे २०१६ मध्ये परीक्षानलिकेतील प्रयोगांनी दाखवले. म्हणजे एमएनएस१ प्रथिनाचा आकार न पाहता केवळ वेळ मोजते आणि एचटीएम१ची जोडी आकार पाहून खूण करते. दोन्ही गोष्टी जुळल्याखेरीज प्रथिन मोडीत निघत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात असा : सीडीसी४८ हे प्रथिन ऊर्जा खर्चून शृंखला पेशीद्रव्यात ओढते, पीएनजी१ हे विकर तिच्यावरची शर्करासाखळी सोडवते, प्रोटिएझोम शृंखलेचे तुकडे करतो आणि सुट्या साखळीच्या मोडतोडीत पूर्वी उल्लेखिलेले रिक्तिकेतील एएमएस१ भाग घेते.

गॉल्गी संकुलात

निर्दोष प्रथिने आठ मॅनोजांची साखळी घेऊन गॉल्गी संकुलात पोहोचतात. किण्व आणि सस्तन प्राणी यांच्या वाटा येथे वेगळ्या होतात. किण्वात ओसीएच१ हे विकर साखळीला आणखी एक मॅनोज जोडते आणि त्यावर इतर विकरे मॅनोजांचा ढीग रचतात. एका साखळीवर कधी कधी दोनशेपर्यंत मॅनोज चढतात. पेशीभित्तिकेचा बाहेरील थर अशाच प्रथिनांचा असतो. सस्तन प्राण्यांत उलट आणखी छाटणी होऊन पाच व पुढे तीन मॅनोज उरतात आणि मग गॅलॅक्टोज, सियालिक आम्ल यांसारख्या शर्करा चढवल्या जातात.

या फरकाला व्यावहारिक महत्त्व आहे. किण्वात तयार केलेल्या मानवी ग्लायकोप्रथिनावर मॅनोजांचा ढीग राहिला, तर असे औषध रक्तातून लवकर नाहीसे होते व शरीर त्याला परके समजण्याचा धोका असतो. म्हणून पिकिया पास्टोरिस या दुसऱ्या किण्वातील ओसीएच१ जनुक काढून टाकून व पाच मॅनोजांपर्यंत छाटणी करणारे परके मॅनोसिडेज त्यात घालून मानवी धर्तीच्या साखळ्या तयार करण्यात आल्या. या कामाचे महत्त्वाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. किण्वाचे स्वतःचे एमएनएस१ एका मॅनोजावर थांबते, म्हणूनच परक्या विकराची गरज भासली.

मानवी समरूप विकर

मानवातील समरूप विकराचे जनुक एमएएन१बी१ या नावाने ओळखले जाते व ते नवव्या गुणसूत्रावर आहे. १९९९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. किण्वाप्रमाणेच तेही ब शाखेवरील मॅनोज काढते. २०११ मध्ये पाकिस्तान व इराणमधील काही कुटुंबांच्या अभ्यासातून असे आढळले, की या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास मुलांत बौद्धिक अक्षमता येते. आई व वडील प्रत्येकी एक सदोष प्रत बाळगूनही निरोगी असतात. नंतरच्या अभ्यासांत उशिरा बोलू लागणे, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण आणि धडाभोवती वाढणारी स्थूलता ही लक्षणेही नोंदवली गेली. हा विकार जन्मजात ग्लायकोसिलीकरण-दोषांच्या गटात मोडतो आणि रक्तातील ट्रान्सफेरिन या ग्लायकोप्रथिनावरील शर्करासाखळ्या तपासल्यास त्याचा सुगावा लागतो.

यकृतात तयार होणाऱ्या अल्फा-१-अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या सदोष रूपांचे विघटनही मॅनोजाच्या छाटणीवर अवलंबून असते. किफुनेन्सिन दिलेल्या पेशींत ते मंदावते. या प्रथिनाचे एक रूप यकृतपेशींत साचून यकृताचा विकार उद्भवतो, त्यामुळे संशोधकांचे तिकडे विशेष लक्ष आहे.

किण्वातील चित्र मानवी पेशीला जसेच्या तसे लागू होत नाही. मानवी पेशीत घडी न पडलेल्या प्रथिनावर ग्लुकोज पुन्हा चढवून त्याला आणखी संधी देणारे विकर असते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये ती सोय नाही. एचटीएम१च्या जागी मानवात एडेम नावाची तीन प्रथिने आहेत. शिवाय एमएएन१बी१चे विकर मुख्यतः जालिकेत नसून गॉल्गी संकुलात आढळते, असे २०११ पासूनच्या काही अभ्यासांत दाखवण्यात आले आहे. जालिकेतून निसटलेल्या सदोष प्रथिनांना तेथून मागे पाठवण्यात त्याचा भाग असावा, असे या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे.